वाजलं पाहिजे

माणूस गेला आणि त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही सापडलं नाही, की लोक म्हणतात, "फार चांगला हो! कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." माझ्या बाबतीत लोकांनी एवढाही धीर धरलेला नाही. मी हयात असतानाच ते हे बोलू लागले आहेत.

बँकेत चिकटून मला एकवीस वर्षं झाली. (कारकुनाला हल्ली दुसरं कसलंसं लांबलचक नाव आहे, पण काउंटरच्या पलीकडून 'ओ साहेब' आणि अलीकडून 'अहो, जरा इकडे या' ही दोनच नावं प्रत्यक्षात चालतात.) या एकवीस वर्षांत माझं कुणाशी कधी वाजलं नाही. युनियनवाले मला आपला समजतात आणि साहेबही मला आपला समजतात. चहात साखर नसली, तर 'आज चहाला स्वाद आहे' असं मी म्हणतो. पाचशेची नोट पाहून रिक्षावाला खेकसला, तर ती छापल्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या वतीने मी त्याची माफी मागतो.

सौभाग्यवतीचं मत जरा वेगळं आहे. ती म्हणते, "तुमचं कुणाशी वाजत नाही हे खरं. पण तुमच्या वाट्याचंही मलाच वाजवावं लागतं."

ही मी बरीच वर्षं स्तुती समजत होतो.

माझ्या घरी व्हायोलिन आलं तेही याच स्वभावामुळे. आमचे एक मामा वारले. त्यांचं कपाट, घड्याळ, तांब्याचा बंब यांची वाटणी झाली आणि मागे उरलं व्हायोलिन. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून 'बरं' बाहेर पडलं. पुढे नऊ वर्षं ते माळ्यावर, शिट्टी हरवलेला कुकर आणि पाहुण्यांच्या गाद्या यांच्यामध्ये निवांत पडून होतं. मग मला चव्वेचाळिसावं लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, आणि 'कसला तरी छंद लावून घ्या' म्हणाले. छंदांच्या किमती पाहिल्यावर माझं लक्ष आपोआप माळ्याकडे गेलं.

पेटी उघडली तर व्हायोलिन धडधाकट होतं. पण ते ज्यानं वाजवायचं त्या काठीची पार दैना झाली होती. या काठीला आपल्याकडे गज म्हणतात. हा शब्द मोठा गमतीचा आहे. गज म्हणजे हत्ती, गज म्हणजे खिडकीची सळई, गज म्हणजे कापड मोजायचं माप, आणि व्हायोलिनचा गज म्हणजे लाकडाच्या काठीला ताणून बांधलेले दीडशे-दोनशे केस. तेही घोड्याच्या शेपटीचे. नाव हत्तीचं आणि केस घोड्याचे! माझ्या गजाचे निम्मे केस तुटून पेटीभर पसरले होते. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, की हे केस खाणारी एक कीड असते. तिला बंद पेटी, अंधार आणि शांतता एवढंच लागतं. पेटी रोज उघडली, उजेड-वारा लागला, की ती फिरकत नाही. म्हणजे वाद्य खराब होतं ते वाजवल्यामुळे नव्हे, न वाजवल्यामुळे. हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकून घेतलं. मी सगळ्यांचंच नुसतं ऐकून घेतो.

नवे केस बसवून आणले. पांढरेशुभ्र, रेशमासारखे. चांगला दिवस पाहून मी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज तारेवरून ओढला.

काही नाही. आवाजच नाही! पुन्हा ओढला, तर फार तर कुणी शेजारच्या खोलीत धोतर झटकावं एवढी सळसळ झाली. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, वाजवताय ना?"

"वाजवतोय."

"ऐकू येत नाही."

"मलाही नाही."

आता नवशिक्याचं व्हायोलिन म्हणजे मांजराची शेपूट दारात सापडावी तसा आवाज, असं ऐकलं होतं. माझ्याकडून तोही निघेना! शेजाऱ्यांचं पुण्य म्हणून सोडून दिलं असतं. पण केसांचे पैसे दिले होते. मग चौकशी करत दादरच्या एका मास्तरांकडे गेलो.

मास्तर मूळचे गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले, पुढे मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवलेले. एका गाण्याला रांगांनी व्हायोलिनं बसत त्या दिवसांतले. पुढे त्या रांगांची कामं एकटा सिंथेसायझर करू लागला, आणि मास्तर शिकवण्या करू लागले. त्यांनी माझा गज हातात घेतला, नाकाशी नेला, आणि म्हणाले, "हे बघ बाब, गज चांगला आहे. राळ कुठाय?"

"राळ?"

'राळ उडवणं' मला माहीत होतं. निवडणुका आल्या की पुढारी एकमेकांवर आरोपांची राळ उडवतात, हे वर्तमानपत्रात रोज वाचतो. कोकणात दशावताराला राक्षस रंगमंचावर येतो तेव्हा मशालीवर राळेची भुकटी फेकतात आणि भपकन जाळ उठतो, तेही लहानपणी आजोळी पाहिलेलं. पण व्हायोलिनसारख्या सभ्य वाद्याला ही राक्षसी वस्तू कशाला?

मास्तरांनी एका फडक्यातून मधाच्या रंगाची वडी काढली. चीडसारख्या सूचिपर्णी झाडांच्या खोडाला खाच पाडली की चीक येतो. तो तापवून त्यातलं टर्पेंटाइन उडवून लावलं, की खाली उरते ती ही राळ. दुकानात तिला रोझिन म्हणतात, सारंगीवाले बिरोजा म्हणतात, आणि साहेबाच्या जुन्या पुस्तकांत कोलोफनी असा शब्द आहे. कोलोफॉन नावाचं एक प्राचीन ग्रीक शहर होतं, तिथली राळ नामांकित, म्हणून हे नाव. फिकी राळ कडक असते, काळपट राळ मऊ आणि चिकट. मुंबईच्या दमट हवेला फिकी बरी. नवीन वडी काचेसारखी गुळगुळीत असते, तिच्यावरून गज नुसता घसरतो. म्हणून आधी बारीक पॉलिशपेपरने तिला जरा खरवडायचं. म्हणजे खरबरीतपणा आणणारी वस्तूसुद्धा मुळात गुळगुळीतच. तिलाही आधी कुणीतरी घासावं लागतं.

मास्तरांनी माझ्या गजावर राळ फिरवली, हलकेच तारेवर टेकवला, आणि माझ्याच त्या मुक्या व्हायोलिनमधून असा काही स्वर निघाला, की माझ्या अंगावर काटा आला. मामा वारल्यानंतर पहिल्यांदाच मला मामांची आठवण झाली.

मास्तर म्हणाले, "तुझा केस गुळगुळीत, तुझी तारही गुळगुळीत. गुळगुळीतावर गुळगुळीत ओढलं तर काय होणार? नुसतं सरकतंय. केसाने तारेला धरायला पाहिजे. धरायचं, ओढायचं, तार सुटणार, परत धरायचं. त्याचा आवाज."

मी म्हटलं, "म्हणजे घर्षण."

"घर्षण म्हण, झगडा म्हण. पण वाजतं ते त्याच्यामुळे."

घरी येऊन मी वाचून काढलं. (कारकुनाला सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची मनाई असते, कागद लागतो.) आणि मास्तरांचं शब्दन् शब्द खरं निघालं. राळ लावलेला गज तारेला पकडून आपल्याबरोबर ओढत नेतो. ताण असह्य झाला की तार निसटते, मागे जाते, आणि लगेच पुन्हा पकडली जाते. व्हायोलिनची 'ए' ही मोकळी तार पाश्चात्त्य पद्धतीने लावली, की हे पकडणं-निसटणं सेकंदाला ४४० वेळा होतं. ज्याला आपण मधुर स्वर म्हणतो, तो म्हणजे एका सेकंदात ४४० भांडणं आणि ४४० समेट!

या विषयाचा आपल्या देशात खोल अभ्यास केला तो सी. व्ही. रामन यांनी. त्यांचं १९३० सालचं नोबेल पारितोषिक प्रकाशाबद्दल. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१८ साली, गजाने छेडलेल्या तारांच्या कंपनांवर त्यांचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झालेला आहे. खरा गज व्हायोलिनवर ठरावीक वेगाने आणि दाबाने चालावा म्हणून त्यांनी चक्क एक वाजवण्याचं यंत्रही बनवलं होतं. आणि आता मुद्द्याची गोष्ट. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं रामन सरकारच्या अर्थखात्यात हिशेबाची नोकरी करत होते! कलकत्त्यात ऑफिस भरण्याआधी आणि सुटल्यानंतर ते ज्या प्रयोगशाळेत जात, तिचा पत्ता २१०, बोबाजार स्ट्रीट. व्हायोलिनच्या गजाला इंग्रजीत 'बो' म्हणतात. यापेक्षा बँकवाल्याला दुसरा कोणता शकुन हवा? मी हा तपशील सौ.ला ऐकवला. ती म्हणाली, "त्यांनी नंतर नोकरी सोडली ना? तुम्ही सोडू नका."

मग माझं जे व्हायचं तेच झालं. बी. कॉम. झालेल्या माणसाची अशी ठाम समजूत असते, की भांडवल दुप्पट केलं की नफाही दुप्पट. मी रोज सकाळी गजाला दहा मिनिटं राळ घासू लागलो. परिणाम तिसऱ्या दिवशी दिसला. व्हायोलिनवर दाढीच्या पावडरीसारखी पांढरी धूळ बसली आणि आवाज असा निघू लागला, की खालच्या मजल्यावरच्या बाई 'फर्निचर सरकवताय का, दुपारचं सरकवा' असा निरोप पाठवत्या झाल्या. मास्तरांनी गज पाहून कपाळाला हात लावला. "चार-पाच हात फिरवले की पुरे, बाब. आणि केसांना बोटं नको लावू. बोटाचं तेल लागलं की तेवढ्या जागी राळ धरत नाही." थोडक्यात, राळ नसली तर मुकं, जास्त झाली तर कर्कश, आणि कौतुकाने कुरवाळलं तर पुन्हा मुकं.

इथपर्यंत हे सगळं व्हायोलिनपुरतं होतं. तात्पर्य काढायची मला घाई नव्हती. मग नोव्हेंबर आला.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे पेन्शनर मंडळींचा हयातीचे दाखले देण्याचा महिना. त्या गर्दीत एक मावशी आल्या. नवऱ्यामागे फॅमिली पेन्शन घेणाऱ्या, पिशवीत पिशवी आणि त्यात पासबुक ठेवणाऱ्या. दाखल्याचं काम झालं आणि त्या म्हणाल्या, "दादा, तीन लाखांची ठेव मुदत भरून आलीय. परत ठेवून द्या."

त्याच आठवड्यात आमच्या शाखेला विमा विकण्याचं टार्गेट होतं. साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "सीनियर, लोकांचा विश्वास आहे तुमच्यावर. तुमचं कुणाशी वाकडं नाही. मावशींना जरा पॉलिसीचं समजावून सांगा ना."

मी समजावून सांगितलं. दरवर्षी एक लाख भरायचे, सात वर्षं. फॉर्मवर मी पेन्सिलीने फुल्या केल्या, मावशींनी फुल्यांवर सह्या केल्या. शेवटच्या सहीला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही ठेवच आहे ना, दादा?"

आणि मी म्हणालो, "तशीच समजा." मग जरा खालच्या आवाजात, पंख्याकडे बघत, "थोडी वेगळी असते."

महाभारतात धर्मराजाने अश्वत्थामा मेल्याचं द्रोणाचार्यांना मोठ्याने सांगितलं आणि तो हत्ती होता की माणूस, हे तोंडातल्या तोंडात पुटपुटला. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला म्हणतात. माझ्याकडे रथ नाही. मी नेहमीच्या ६ वाजून १२ मिनिटांच्या लोकलने घरी गेलो. साहेब खूश, मावशी खूश, माझं कुणाशी वाजलं नाही. पण गज पुन्हा सापडला होता. या खेपेला हत्तीच्या रूपात.

डिसेंबरात मावशी पासबुक भरायला आल्या. "कुरियरने जाडजूड पाकीट आलंय, तीन आठवडे झाले. सांभाळून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "व्याज कधीपासून जमा होईल, दादा?"

मी म्हटलं, "बघून सांगतो."

त्या संध्याकाळी व्हायोलिन काढलं. आठवडाभर राळ लावली नव्हती आणि मनही ठिकाणावर नव्हतं. गज तारेवरून नुसता सरकत होता. वर, खाली. वर, खाली. हालचाल पाहिली तर अगदी पट्टीचा वादक. आवाज नाही. मी तो हात बघत बसलो आणि मला एकाएकी वाटलं, की एकवीस वर्षं मी हेच करत आलो आहे.

वाचकहो, मी तत्त्वज्ञ नाही. चांगुलपणा म्हणजे काय, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलेलं असणार. मला येते ती फक्त दुहेरी नोंद पद्धत. तिचा नियम असा, की प्रत्येक रकमेच्या दोन नोंदी व्हायला पाहिजेत. एकीकडे जमा झाली, की दुसरीकडे कुठेतरी ती नावे पडलेली असतेच. आता माझा हा भिडस्तपणा घ्या. 'चांगला माणूस' ही शिल्लक एकवीस वर्षं माझ्या खात्यावर साठत आली. मग ती नावे कुणाच्या पडत होती? साखरेविना चहाचं माझ्या स्वतःच्या. रिक्षावाल्याचं आणि दूधवाल्याचं सौ.च्या, तिने ते मला सांगितलंही होतं. आणि पॉलिसीचं मावशींच्या. तीन लाखांच्या खात्यातून दोन वर्षांनी जे उरणार होतं, त्यातून सात वर्षांचे हप्ते कुठून भरायचे, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता आला असता. मी तर बी. कॉम., सेकंड क्लास.

मी स्वतःच्या बाजूने वकिली करून पाहिली नाही असं नाही. शांततेला काही किंमत आहे की नाही? ऊठसूट तंडणारी माणसं जगात थोडी आहेत का, की त्यांत माझी भर पडावी? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं शहाण्यांनीच सांगितलंय. पण या सगळ्यात एक चोरी होती, ती मला दिसू लागली. मी वैर टाळत होतो ते माशाशी. ज्याचा चावा बसेल त्याच्याशी. मावशींशी माझं वैर होण्याचा प्रश्नच नव्हता. त्या चावणार नव्हत्या. म्हणजे माझा गुळगुळीतपणा सगळ्यांशी सारखा नव्हता. जिकडे उतार असेल तिकडे तो आपोआप घरंगळत होता. याला चांगुलपणा म्हणायचं की उतार, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही. पण झोप लागली नाही, एवढं रक्तदाबाच्या डायरीत नमूद आहे.

एक वाट अजून उघडी होती. विम्याचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी नको म्हणून परत करता येते. पूर्वी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची असे. २०२४ च्या नियमांनी ती ३० झाली. किरकोळ वजावट होऊन बाकीचे पैसे परत मिळतात. पाकीट येऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे आठ-नऊ दिवस शिल्लक. मला हा नियम माहीत होता. मी तो मावशींना सांगितला नव्हता, कारण त्यांनी विचारला नव्हता.

सकाळी केबिनमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच वाजवायला निघालेल्या माणसाचा पहिला स्वर कसा लागणार? 'साहेब' हा शब्द माझ्या तोंडून चिरका आणि दोन पट्ट्या वर निघाला. पुढचं सगळं मी एका दमात आणि नको तितक्या मोठ्याने बोललो. बाहेर टोकन पुकारणं थांबलं. साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. टेबलावरचा पेपरवेट उठून बोलू लागला असता तरी त्यांना एवढं नवल वाटलं नसतं.

ते चिडले, हे तर झालंच. पण नंतर हळू आवाजात म्हणाले, "मला वरून रोज फोन येतो. तुम्हाला येतो का?" मला येत नव्हता. मग म्हणाले, "आणि समजावून कुणी सांगितलं तिला? मी? फुल्या कुणाच्या आहेत फॉर्मवर?"

"माझ्या," मी म्हणालो. "म्हणूनच आलोय."

हे वाक्य मात्र सुरात लागलं असावं. कारण साहेबांनी काही न बोलता फोन उचलला आणि बाहेर बघायला लागले. मी मावशींना बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, पैसे बुडाले. मग वाटलं, मीच काहीतरी घोळ केलाय आणि निस्तरतोय. (यात चूक काय होतं?) अर्ज मी लिहिला, सही त्यांनी केली. या खेपेला पेन्सिलीची फुली मारली नाही. आधी सगळा वाचून दाखवला. सत्ताविसाव्या दिवशी कागद गेले. पैसे परत यायला काही दिवस लागले, आले. ठेवीची पावती मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा आभार मानण्याऐवजी त्यांनी ती उजेडात धरून दोनदा वाचली. मला ते आवडलं.

इथे संपलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण मला राळेची चटक लागली! पुढचे आठ दिवस मी दूधवाल्याशी भांडलो, सोसायटीच्या सेक्रेटरीशी पार्किंगवरून भांडलो (माझ्याकडे गाडी नाही), आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या एका गरीब माणसाला बूड किती इंच टेकावं याचा नियम सुनावला. सकाळी उठायचो तोच कुणाशी तरी बोलायची वाक्यं जुळवत. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, मी वाजवत होते तेव्हा वाजवून झालं की स्वयंपाकाला लागत होते. तुमचं आपलं चालूच!"

त्या रविवारी मास्तरांनी माझी पेटी उघडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला केबिन आठवली. मी गज आठवडाभर ताणलेलाच ठेवला होता.

"वाजवून झालं, की मुठीकडचा स्क्रू फिरवून केस सैल करायचे. दर वेळी," ते म्हणाले. "वाजवायच्या आधी ताणायचे तेही एवढेच, की मध्यावर केस आणि काठी यांच्यात एक पेन्सिल जाईल. काठीला आत बाक आहे ना, त्या बाकात तिचा सगळा जीव आहे. कायम ताणून ठेवलास तर बाक जाईल. गज सरळ होईल. सरळ गज कामाचा नाही, बाब." पावसाळ्याच्या ओलीने केस लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, अशा आखडलेल्या केसांनी एखाद्या दिवशी काठीचं टोकच मोडायचं. ताण वाजवण्यापुरता. वाजवणं संपलं, की ताणाला काही काम नाही.

मग त्यांनी सुती फडकं काढलं आणि तारांखालची पांढरी धूळ पुसली. "हे पण दर वेळी. आज पुसली तर फुंकरीने जाते. राहिली तर वॉर्निशवर बसून घट्ट होते. मग लोक स्पिरिट लावतात, आणि राळेबरोबर वॉर्निशही जातं."

राळ, ताण आणि फडकं. मास्तरांनी शिकवलं ते एवढंच, आणि ते व्हायोलिनबद्दलच बोलत होते याची मला खात्री आहे. माझ्या बँकेतल्या भानगडी त्यांना माहीत नव्हत्या. पण सोमवारी मी दोन कटिंग सांगून केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी ओरडलो, ते ओरडायला नको होतं."

"आणि बोललात ते?"

"ते बोलायलाच हवं होतं."

साहेब बराच वेळ चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साखर कमी आहे."

मी म्हणालो, "हो. अगदीच कमी आहे." आणि पोऱ्याला हाक मारून साखर मागवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

यंदाच्या नोव्हेंबरात मावशी पुन्हा दाखला द्यायला आल्या. पिशवीतली पिशवी काढता काढता त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? ती पॉलिसी गळ्यात मारणारे?"

रांगेतल्या साऱ्या हयात माणसांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा भाग मला सांगता आला असता. तीस दिवस, केबिन, अर्ज, सगळं. जीभ वळवळत होती. पण त्या म्हणत होत्या त्यात खोटं काय होतं?

"हो मावशी, मीच तो," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या आणि फॉर्म पुढे सरकवला. "मग आधी वाचून दाखवा. नंतर सही."

मी वाचून दाखवला. हयातीचा दाखला तो, चार ओळींचा. पण त्यांनी मला दोनदा थांबवून शब्द विचारले, मी जरा वैतागलो, त्या माझ्यावर जास्त वैतागल्या, आणि मागची रांग आम्हां दोघांवर वैतागली. बऱ्यापैकी आवाज झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर सौ.ने विचारलं, "काय हो, आज कुणाशी वाजलं की काय?"

म्हटलं, "थोडंसं."

आणि पेटी उघडण्याआधी फडकं शोधायला लागलो.